एपिक्युरस वापरायचा कसा? वही, वीस तारीख आणि पिठलं

कोरडवाहू (धागाकर्ता)

सुख हेच ध्येय मानणाऱ्या एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाचं नाव निघालं की लोकांना भरलेली ताटं दिसतात. त्याच्या नावावरून युरोपी भाषांत खवय्यांसाठी शब्द पडला, घोळ तिथला. खुद्द हा गृहस्थ मित्राला पत्र लिहून चीजचं एक लहानसं मडकं मागवतो. कशाला, तर मनात येईल तेव्हा चंगळ करता यावी म्हणून! त्याच्या 'बागेतली' (अथेन्समधली त्याची शाळा बागेत भरायची, तेच तिचं नाव) मंडळी बहुतेक पाणीच प्यायची. वाइन घेतलीच तर एक कोटिले, म्हणजे पाव लिटरच्या आसपास, आणि तीही हलकी.

चरित्र कुठेही मिळेल (जन्म इ.स.पू. ३४१ सामोस बेटावर, मृत्यू २७० अथेन्समध्ये, संपलं). इथे वापराबद्दल बोलू. मूळ साहित्य थोडकं आहे: तीन पत्रं, ४० मुख्य सूत्रं आणि १८८८ मध्ये व्हॅटिकनच्या एका हस्तलिखितात सापडलेली ८१ वचनं. सुरुवात मेनोइकेउसला लिहिलेल्या पत्रापासून करावी, अर्ध्या तासात वाचून होतं.

पहिलं काम इच्छांच्या वहीचं. तो इच्छांचे तीन खण पाडतो: नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि दोन्ही नव्हेत अशा पोकळ. आवश्यक इच्छांत पुन्हा तीन पोटखण आहेत: जीव जगवणाऱ्या, देहाला स्वस्थ ठेवणाऱ्या आणि सुखासाठी लागणाऱ्या. २९व्या सूत्राला जोडलेल्या जुन्या टीपेत उदाहरणं आहेत. तहानलेल्याला पाणी हा पहिला खण, उंची पदार्थ हा दुसरा, आणि आपल्या नावाने उभे राहणारे पुतळे व मुकुट हा तिसरा. आपल्याकडे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स.

पानाचे चार उभे रकाने पाडा. पहिल्यात इच्छा, एका वाक्यात. दुसऱ्यात, मिळालं तर माझं काय होईल. तिसऱ्यात, नाही मिळालं तर काय होईल (हे दोन प्रश्न ७१व्या वचनातले, जसेच्या तसे). चौथ्यात, न मिळाल्याने खरंच दुखतंय का आणि किती वेळ. हा निकष २६व्या सूत्राचा. इच्छा उठेल त्याच वेळी लिहायचं, रात्री आठवून नाही, कारण रात्रीपर्यंत आपण तिला कपडे घालून सभ्य केलेलं असतं. दहा दिवस नुसतं लिहा, खण अकराव्या दिवशी पाडा.

सगळ्यात जास्त चूक होते ती वस्तूंना खण देण्यात. 'हापूस: दुसरा खण' असं लिहिलं की वही वाया गेली. पोटात भूक आहे, हा पहिला खण. जेवायला आज आमरस असावा, हा दुसरा. मार्चमधली पहिली पेटी अख्ख्या सोसायटीत आपल्याच दारात उतरावी, हा तिसरा. फळ एकच आहे. आणि दुसरा खण रिकामा करायला निघू नका. आमरस सोडा असं एपिक्युरस कुठेही म्हणत नाही. आमरसावाचून अडू नये, एवढंच त्याचं मागणं.

तिठा

हा तर आपला चार्वाकच की. ऋण काढा, तूप प्या. ग्रीसपर्यंत जायची काय गरज?

निळीशाई

तिठा, हे दर वेळी येतं म्हणून जरा सविस्तर. 'ऋणं कृत्वा घृतं पिबेत्' हा पाठ १४व्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहातला, म्हणजे प्रतिपक्षाने लिहिलेला. त्याआधीच्या ग्रंथांत त्याच श्लोकाचा दुसरा चरण 'नास्ति मृत्योरगोचरः' असा येतो. त्यात कर्ज नाही आणि तूपही नाही. एपिक्युरसचं फारसं वेगळं झालं नाही. त्याच्याबद्दलची पुष्कळ माहिती रोमन वक्ता सिसेरो आणि ग्रीक चरित्रकार प्लूटार्क या विरोधकांकडून येते.

साम्य खरं आहे: परलोक नाही, देह विखुरला की जाणीव संपली. पण लोकायतांचं (म्हणजे चार्वाकपंथीयांचं) राहणीचं तपशीलवार वेळापत्रक आपल्यापर्यंत पोचलेलं नाही आणि बागेचं पोचलंय. मृत्युपत्रासकट.

मुख्य फरक कर्जाच्या मुद्द्यावरच पडतो. एपिक्युरसच्या हिशोबात सुख उचलण्याआधी त्याच्या शेपटीला बांधून येणारं दुःख वजा करायचं असतं. शिवाय देहाचं दुखणं आणि गरज मिटली की सुख वाढत नाही, फक्त त्याचे प्रकार बदलतात, हे १८वं सूत्र. पोट भरल्यावर तुपाची दुसरी वाटी म्हणजे नुसता बदल. त्यासाठी व्याज भरायचं का, ते ठरवा.

मधल्यासुट्टीत

निवारा पहिल्या खणात येतो ना? मग २० वर्षांचं गृहकर्ज 'आवश्यक' धरायचं का? इथे वही कशी चालवायची?

कोरडवाहू (धागाकर्ता)

'घर' ही एक इच्छा धरली तर उत्तर मिळणार नाही, ती फोडावी लागते. डोक्यावर छप्पर, स्टेशन चालत गाठता यावं, आईवडिलांना वेगळी खोली, टॉवरचं नाव सांगताना आवाज थोडा चढावा: या चार ओळी पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत वेगवेगळ्या खणांत जाऊ शकतात.

मग पैशाचे दिवस करा. उदाहरणादाखल: हातात महिना ९०,०००, कामाचे दिवस २५, म्हणजे दिवसाचे ३,६००. हप्ता ५४,००० असेल तर १५ दिवस बँकेचे. एक खोली कमी घेतल्याने हप्ता ३६,००० वर येत असेल तर १० दिवस. त्या एका खोलीची किंमत महिन्याला ५ दिवस, २४० हप्त्यांत १,२०० दिवस. आता रकाना चार भरा. खोलीत म्हातारी माणसं राहणार असतील तर हे दिवस सत्कारणी लागले. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी असेल तर पाहुण्यांना बैठकीत गादी घाला. पगार वाढेल, दिवस कमी होतील, हे मान्य; पण वाढीव पगाराबरोबर पोकळ खणही फुगतो, तेव्हा तो आधार फार धरू नका.

बागेचाच हिशोब बघा. किंमत ८० मिना, म्हणजे ८,००० द्राख्मे. त्या काळी साध्या मजुराची रोजी दीड द्राख्मेच्या आसपास धरली तर पाच हजारांहून जास्त दिवसांची मजुरी. स्वस्त नव्हती! पण ती अनेकांची राहण्याची, शिकण्याची आणि म्हातारं होण्याची जागा होती.

उंबरठा

वही हा सोपा भाग. २७व्या सूत्रात तो म्हणतो की सगळ्या आयुष्याच्या सुखासाठी शहाणपण जे जे जमवतं, त्यात सर्वांत मोठी मैत्री. वही एकट्याने होते, हे होत नाही, म्हणून लोक वहीवर थांबतात आणि दोन महिन्यांत नुसते काटकसरी होऊन बसतात.

मैत्रीला त्याने तारीख लावली. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की दर महिन्याच्या २० तारखेला मंडळींनी त्याच्या आणि मेट्रोडोरस या जवळच्या शिष्यमित्राच्या आठवणीत जमावं. बाहेरचे लोक त्यांना चिडवायला 'विसावीवाले' म्हणत. तारीख पक्की असणं हीच त्यातली युक्ती. 'एकदा भेटू या' याला कॅलेंडरात जागा नसते.

सहा ते आठ माणसं. नवव्या माणसाला पंगतीच्या दोन पंगती होतात आणि दोन वेगळ्या गप्पा सुरू होतात. वार कोणताही असो, २० म्हणजे २०. वार बघून सरकवायला लागलात की तिसऱ्या महिन्यात ग्रुपवर मतदान सुरू होतं आणि चौथ्यात कट्टा मेला. दोघंच आले तरी करायचा. सात ते साडेनऊ. फोन दारातल्या टोपलीत, घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेल्याचा सोडून. आधी जेवण, मग एक वचन मोठ्याने वाचून त्यावर वीस मिनिटं, मग एकाच कुणाचा तरी प्रश्न. दर वेळी एकच. दोन घेतले की दोन्ही अर्धवट राहतात.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवते. आपल्याकडे असे कट्टे ज्या घरी होतात, तिथली बाई दुपारी तीनपासून ओट्याशी असते आणि वचन वाचताना ती भांडी लावत असते. बागेत लिओन्टिऑन आणि थेमिस्टा या बायका बरोबरीने तत्त्वज्ञान करायच्या. लिओन्टिऑनने थिओफ्रास्टस या ॲरिस्टॉटलच्या शिष्याच्या विरोधात लिहिलं म्हणून सिसेरोचा तिळपापड झाला होता. पण बागेत गुलामही होते. म्युस नावाचा गुलाम चर्चेत बसायचा हे खरं, तरी त्याला आणि आणखी तिघांना मुक्त केलं ते मृत्युपत्रात. दुसरा कुणी रांधत असला की साधेपणाची स्तुती स्वस्तात होते. म्हणून नियम: यजमान फक्त जागा देतो. स्वयंपाक येणाऱ्यांनी येऊन करायचा, आणि भांडी घासून झाल्याशिवाय वचन उघडायचं नाही.

पाटावरवंटा

+१, विशेषतः शेवटच्या वाक्याला. मेन्यू ठरवून टाका म्हणजे 'या वेळी काय वेगळं' ही चढाओढ सुरू होत नाही. पिठलं-भाकरी, कांदा, ठेचा. बस.

आठ जणांचं प्रमाण: बेसन २ वाट्या, पाणी ६ ते ७ वाट्या, कांदे ३ मध्यम, लसूण १२-१५ पाकळ्या, हिरव्या मिरच्या ५-६, तेल ५ टेबलस्पून, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, वरून मूठभर कोथिंबीर. बेसन आधी २ वाट्या गार पाण्यात कालवून घ्या. फोडणीत लसूण-मिरची-कांदा परतून उरलेलं पाणी घाला, उकळी फुटली की आच मंद करा आणि कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडत दुसऱ्या हाताने हलवत राहा. झाकण ठेवून ८-१० मिनिटं वाफ. कोरडं बेसन उकळत्या पाण्यात टाकलंत तर गोळे होतात आणि आत पीठ कच्चं राहतं (मुद्दाम केलेलं गाठीचं पिठलं वेगळं, तो प्रयोग विसावीला नको). वाफ कमी पडली तर कच्च्या बेसनाचा वास येतो, तो कोथिंबिरीने झाकत नाही. निवल्यावर दाटतं, म्हणून गॅस बंद करताना थोडं सैलच असू द्या.

भाकऱ्या माणशी दोन, एकूण सोळा. भाकरीला साधारण ७५ ग्रॅम पीठ धरलं तर सव्वा किलो आणा. दळण ताजं हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, थापताना कडा चिरतात. तसंच पीठ वाट्याला आलं तर कढत पाण्याने उकड काढून मळा.

तिठा

पिठलं झालं, आता उपासाचंही सांगा. रोमन तत्त्वज्ञ सेनेका म्हणतो की एपिक्युरस मुद्दाम काही दिवस अगदी कमी खायचा. आपण तर हे दर पंधरा दिवसांनी करतो.

कोरडवाहू (धागाकर्ता)

करतो खरं, पण एकादशी दुप्पट खाशी. साबुदाणा, दाण्याचं कूट, तूप आणि वर रताळ्याचा कीस हा दुसऱ्या खणाचा महोत्सव आहे.

सेनेकाच्या १८व्या पत्रातला तपशील असा: एपिक्युरस ठरावीक दिवशी खाणं कमी करून मोजायचा की पूर्ण सुखात काही उणं पडतंय का, पडत असेल तर किती, आणि ते भरून काढायला खटपट करण्याइतकं आहे का. त्याचा दिवसाचा खर्च एका नाण्याच्याही आत भागायचा. मेट्रोडोरस तितका पुढे गेलेला नव्हता, त्याला पूर्ण नाणं लागायचं. म्हणजे यात पुण्य नाही आणि वजन घटवणंही नाही. मोजणी आहे.

महिन्यात सलग तीन दिवस घ्या. एका दिवसाने काही कळत नाही, माणूस उद्याच्या जेवणावर तग धरतो. पोटभर खायचं, पण सर्वांत साधं, आणि तिन्ही दिवस तेच: भाकरी, एक डाळ, कांदा. चहा चालू ठेवा, नाहीतर डोकेदुखीच मोजत बसाल. रोज रात्री एक ओळ: आज काय उणं पडलं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, गरोदरपण असेल, खाण्याच्या विकाराची पूर्वपीठिका असेल, तर जेवणाला हात लावू नका. तेच तीन दिवस खरेदी बंद ठेवून करा.

याचा उपयोग काय, ते प्लूटार्कने, म्हणजे विरोधकानेच, नोंदवलंय. इ.स.पू. २९५ च्या सुमारास डेमेट्रियस या मॅसेडोनियन सेनानीने अथेन्सला वेढा घातला, शहरात उपासमार झाली. तेव्हा एपिक्युरसने बागेतल्या मंडळींना कडधान्याचे दाणे मोजून वाटत जगवलं.

अर्धकच्चा

पैशाचं काय? आठ जण दर महिन्याला जमणार तर सामाईक फंड काढावा का? भिशीसारखा. कुणाची नोकरी गेली तर त्यातून देता येईल.

निळीशाई

एपिक्युरसने यावर स्पष्ट मत दिलंय आणि ते 'नको' असं आहे. पायथागोरसच्या मंडळींत मालमत्ता सामाईक असे. एपिक्युरस म्हणाला, असं करणं अविश्वासाचं लक्षण आहे, आणि विश्वास नसेल तिथे मैत्री कुठली. भिशीत हे लगेच दिसतं. भिशी उत्तम चालते ती हिशोब चोख असल्याने. दोस्ती नसली तरी तिचं अडत नाही.

वर्गणी मात्र तो घ्यायचा. एका पत्रात लिहितो, तुमच्याकडून प्रत्येकी वर्षाला १२० द्राख्मे, त्याहून जास्त नको. मजुराच्या ८० दिवसांच्या रोजीइतकी रक्कम, म्हणजे किरकोळ नाही. त्यातला 'जास्त नको' हा भाग उचला. वर्गणी ठरवा, तिला छत घाला, ज्वारी-बेसनाला पुरेल एवढीच. दरडोई दीडशे रुपयांत पिठलं-भाकरी निघते आणि उरतंही. वर्षअखेरीस उरलेलं परत वाटा. साठलेल्या पैशाला काहीतरी करण्याची खाज सुटते: आधी सहल, मग टी-शर्ट, मग खजिनदार.

अडचणीतल्या मित्राला प्रत्येकाने आपापल्या खिशातून, आपल्या मर्जीने द्यावं. ३९वं वचन इथे लागतं: सतत मदतच मागतो तो मित्र नव्हे, आणि मदतीचा नि मैत्रीचा संबंधच लावत नाही तोही नव्हे. ३४वं त्याहून नेमकं. मित्रांच्या मदतीपेक्षा ती मिळेल या खात्रीचा आपल्याला जास्त उपयोग होतो. रात्री दोनला उचलला जाईल असा एक नंबर असला की पहिल्या खणातली भीती बरीच ओसरते. मोठी रक्कम उसनी देताना मात्र एका कागदावर तारीख आणि आकडा लिहून दोघांनी ठेवा. स्मरणशक्तीवर भार टाकला की पुढे तो स्वभावावर जातो.

उंबरठा

'एकाचा प्रश्न' या भागात सर्वांत जास्त कट्टे फुटतात, म्हणून त्याबद्दल. स्पष्ट बोलणं ही बागेत रीतसर विद्या होती. फिलोडेमस या नंतरच्या काळातल्या एपिक्युरसपंथीयाने त्यावर लिहिलेला ग्रंथ इटलीतल्या हर्क्युलेनियम शहराच्या राखेत सापडला, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाडलेल्या त्या जळक्या गुंडाळ्यांत. तो म्हणतो, हे वैद्याच्या उपचारासारखं आहे. कसं करू नये ते तर अगदी आपल्या ओळखीचं: सारखं सारखं नाही, प्रत्येकाला नाही, प्रत्येक चुकीवर नाही, नको त्या माणसांसमोर नाही, आणि मजा घेत तर नाहीच.

आपल्याकडे शेवटचं सर्वांत अवघड जातं. टोमणा ही आपली मातृभाषा. 'आम्ही काय बाबा, साधी माणसं' अशी सुरुवात झाली की उपचार संपला, विषप्रयोग सुरू झाला. म्हणून ज्याचा प्रश्न आहे त्याने आधी सांगायचं: ऐकून घ्या, की मत द्या. मत मागितलं असेल तर प्रत्येकाला दोन मिनिटं. त्याने काय केलं ते बोला; तो कसा आहे हे ठरवू नका. एकदा बोललेलं पुढच्या विसावीला तोच माणूस काढेपर्यंत कुणी काढायचं नाही. आणि काहीही ग्रुपवर लिहायचं नाही. निळ्या टिका पडूनही उत्तर नाही, यावर पडलेल्या आठ्या मोजायला फिलोडेमस नव्हता.

बर्फातलाकांदा

कॅनडात, मराठी माणसं तासाभराच्या ड्राइव्हवर, जानेवारीत रस्ते बंद. व्हिडिओ कॉलवरची विसावी चालेल का?

कोरडवाहू (धागाकर्ता)

चालेल. लॅम्प्साकस या आशियाच्या किनाऱ्यावरच्या ग्रीक गावची मित्रमंडळी अथेन्सपासून समुद्रापार होती आणि त्यांची मैत्री मुख्यतः पत्रांवर टिकली. एपिक्युरस स्वतः दोन-तीनदाच तिकडे जाऊन आला. कॉलवर चारच माणसं घ्या, ४५ मिनिटं, आणि आपापल्या घरी तेच जेवण. कॉलच्या आधी प्रत्येकाने अर्धं पान लिहून पाठवायचं. बोलण्यातली विरामाची जागा स्क्रीनवर मिळत नाही, ती कागदावर मिळते. जून ते सप्टेंबर मात्र प्रत्यक्ष भेटा.

मधल्यासुट्टीत

सगळं पटतंय, पण त्याचं ते चार कलमी औषध: देवाचं भय नको, मृत्यूची चिंता नको, चांगलं ते सहज मिळतं, वाईट ते सहज सोसतं. शेवटचं कलम मला धादांत खोटं वाटतं. तीव्र वेदना थोडा वेळ, दीर्घ वेदना सौम्य? संधिवाताच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णाला हे सांगून बघा.

निळीशाई

ते कलम सर्वांत कच्चं आहे, सारवासारव करत नाही. तो स्वतः मुतखड्याने चौदा दिवस तळमळून गेला. शेवटच्या पत्रात वेदना कमी आहेत असं तो म्हणत नाही. याहून जास्त होऊ शकणार नाहीत अशा आहेत, असं म्हणतो, आणि त्यांच्या समोर जुन्या गप्पांच्या आठवणी मांडल्यात असं लिहितो. त्यातून वापरायला घ्यायचं ते एवढं: आजारी मित्राकडे गेलात तर तब्येतीची चौकशी दोन मिनिटांत उरका आणि जुनं काहीतरी नेमकं काढा, कुठल्या विसावीला कोण काय म्हणालं होतं ते. बाकी वेदनेसाठी वेदनाशामक डॉक्टर गाठा, सूत्र नको.

मृत्यूबद्दलचं कलम 'मेलेलं असण्या'वर लागू पडतं, 'मरण्या'वर कमी. मागे राहणाऱ्या माणसांचे हाल होतील हा सल नैसर्गिक आहे, हे फिलोडेमसनेही मान्य केलंय. त्यावर बागेतला उपाय कागदी होता. त्या शेवटच्या पत्रात एपिक्युरस मेट्रोडोरसच्या मुलांची काळजी घ्या म्हणतो आणि मृत्युपत्रात त्यांच्या पालनपोषणाची, मुलीच्या लग्नाची व्यवस्था लावतो.

तेव्हा एक विसावी कागदांसाठी ठेवा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांसमोर सही, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नॉमिनी म्हणजे वारस हा गैरसमज तिथेच काढून टाका. नॉमिनी साधारणतः पैसे ताब्यात घेणारा असतो, मालक ठरतोच असं नाही. मित्राला किंवा त्याच्या मुलाला काही द्यायचं असेल तर मृत्युपत्रात लिहावंच लागतं, कारण वारसाहक्काच्या कायद्याला मित्र हे नातं माहीत नाही. शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत याचं आगाऊ निर्देशपत्रही करता येतं. सर्वोच्च न्यायालयाने ते २०१८ मध्ये मान्य केलं आणि २०२३ मध्ये सोपं केलं: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

अर्धकच्चा

आठात दोन साक्षीदार सहज निघतील. या २० ला रविवार नाही, तरी २० च. सव्वा किलो ज्वारी दळून मी आणतो, बेसन कोण आणतंय?

पाटावरवंटा

बेसन माझ्याकडे. ज्वारी आदल्या दिवशी दळा, त्याआधी नको. आणि परात मोठी लागेल, दोघं थापायला बसले तर सोळा भाकऱ्या अर्ध्या-पाऊण तासात होतात. तवे दोन आणा.